अंगणवाडी, बालवाडी आणि गरिबाघरची पोरं: उपयोग नक्की किती होतो?

खाडीपलीकडे
मंडळी, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात सध्या एक वाद चालू आहे, तो तुमच्यापुढे ठेवते. नात साडेतीन वर्षांची. राहायला घणसोली गावठाणातली चाळ, सून महापे एमआयडीसीत पॅकिंगला जाते, मुलगा रिक्षा चालवतो. पोर गल्लीतल्या अंगणवाडीत जाते. सुनेचं म्हणणं, "तिथं नुसती खिचडी देतात, शिकवत काय नाय." जूनपासून तिला चाळीतल्याच दोन खोल्यांच्या इंग्लिश नर्सरीत घालायचंय. फी महिना १,२०० रुपये. गणवेश, पुस्तकं, ॲन्युअल डे यांचे पैसे वेगळे. मावशी म्हणतात कशाला एवढा खर्च, आणि मला विचारतात, "ताई, तुम्ही सांगा."

माझी दोन्ही मुलं वाशीला प्लेग्रुपला गेली, अंगणवाडीची पायरी मी कधी चढले नाही. माझं मत असं की या वयात सरकारने पैसा पोषणावर आणि लसीकरणावर घालावा. तीन वर्षांचं पोर शिकून शिकून काय शिकणार? पण हे सगळं लांबून. आतून बघितलेल्यांनी लिहा. सरकारी खर्चाने चालणाऱ्या या शाळापूर्व वर्गाचा गरीब घराला खरंच फायदा होतो का?

पाणघोडा
पहिला! आता धागा वाचतो.

घोडबंदर_एक्सप्रेस
स्पष्ट लिहितो. काही उपयोग नाही. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे एक आहे, जाता-येता दिसतं. पोरं भिंतीला टेकून बसलेली, बाई मोबाइलमध्ये. त्यापेक्षा सरकारने तेवढे पैसे आईच्या खात्यात टाकावेत, ती ठरवेल काय करायचं ते. सुनेला अक्कल आहे, मावशींनी मध्ये पडू नये.

सईची_आई
मोबाइलमध्ये असते ती बाई व्हॉट्सॲप बघते असं तुम्हाला खिडकीतून कसं कळलं?

सेविका_ठाणे
एरवी नुसती वाचते, आज लिहिते. मी अंगणवाडी सेविका आहे, ठाण्यात, वस्तीचं नाव सांगत नाही.

ती बाई मोबाइलमध्ये असते कारण पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप मोबाइलमध्ये आहे. हजेरी, वजन, उंची, आहार वाटप, गृहभेट, सगळं त्यात भरायचं. नेट गेलं की परत भरायचं. नाही भरलं तर वरून फोन.

आमची खोली भाड्याची, दहा बाय बारा. पटावर चाळीसच्या आतबाहेर मुलं. खोलीतच वजनकाटा, आहाराची पिंपं, रजिस्टरांचं कपाट. मी आणि मदतनीस, दोघीजणी. सकाळी मदतनीस मुलांना घरोघरून गोळा करून आणते, बचत गटाचा आहार येतो तो वाढते, भांडी धुते. मी प्रार्थना, बडबडगीत, गोष्ट घेते. मग चिंचोके मोजायचे, राजमा आणि वाटाणे वेगळे करायचे, पाटीवर रेघोट्या. आम्हाला "आकार" म्हणून अभ्यासक्रम दिलाय, चांगला आहे. पण मध्येच गरोदर बाई वजन करायला येते, कोणी टीएचआर (घरी न्यायच्या आहाराची पाकिटं) मागायला येतं, लसीकरणाच्या दिवशी तर शाळा नावालाच. वर सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम. सहा सेवा एका केंद्रातून द्यायच्या असतात ताई, शाळापूर्व शिक्षण ही त्यातली एक. आणि कोणती सेवा मागे पडते ते सांगायला नको, कारण वजन चुकलं तर नोटीस येते, गोष्ट सांगायची राहिली तर कोणी विचारत नाही.

तरी आमच्याकडची पोरं दोन वर्षांत बोलायला लागतात, रांगेत थांबतात, स्वतःचं नाव-गाव सांगतात. खिचडीशाळा म्हणा, हरकत नाही. पण खिचडीही शाळेतच मिळते ना?

पाणघोडा
वरच्या प्रतिसादाला दंडवत. धागा वाचायचं चीज झालं.

हिशेबनीस
खाडीपलीकडे ताई, "तीन वर्षांचं पोर काय शिकणार" यावर जगात भरपूर काम झालंय. सगळ्यात गाजलेला प्रयोग पेरी प्रीस्कूलचा. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ साली सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय घरातली १२३ मुलं, त्यातली ५८ शाळेत घेतली, ६५ नाही. रोज अडीच तास वर्ग, आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशी बोलायची.

गंमत म्हणजे बुद्ध्यंकात मिळालेली आघाडी काही वर्षांत विरून गेली. तेवढ्यावर थांबले असते तर प्रयोग फसला असंच म्हटलं असतं. पण ती मुलं चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. शाळेत गेलेल्यांची कमाई जास्त निघाली, अटक होण्याचं प्रमाण कमी निघालं. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशेब मांडला, तर गुंतवणुकीवर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा. एफडीपेक्षा बरं आहे.

तिरकी_रेघ
हिशेबनीस, पेरीची ५८ मुलं किती वर्षं पुरवणार? तिथे प्रशिक्षित शिक्षिका, मोजकी मुलं, दर आठवड्याला घरभेट. दहा बाय बाराच्या खोलीशी त्याचा काय संबंध?

आणि अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याचं का नाही सांगितलंत? तिथे राज्य सरकारच्या शाळापूर्व वर्गांना जागेपेक्षा जास्त अर्ज आले म्हणून सोडत काढली, त्यामुळे तुलना चोख झाली. जवळपास ३,००० मुलं. २०२२ साली निकाल आला तो असा की सहावीपर्यंत पोचल्यावर या वर्गात गेलेल्या मुलांचे गुण न गेलेल्यांपेक्षा कमी, आणि शिस्तीच्या तक्रारी जास्त. गरिबांचीच मुलं होती तीही.

हिशेबनीस
सांगणारच होतो, तुम्ही घाई केलीत. :) टेनेसीचा निकाल खरा आहे. त्यावरून शाळापूर्व वर्ग वाईट असं ठरत नाही. नुसतं दार उघडून मुलांना आत बसवलं की आपोआप भलं होतं हा समज तेवढा मोडतो.

आपल्याकडचा पुरावा हवा तर तामिळनाडूचा घ्या. ६४० अंगणवाड्यांवरचा अभ्यास. काही केंद्रांत अर्ध्या वेळेची एक जादा बाई दिली, काम फक्त मुलांना शिकवणं. बाकी खोली तीच, आहार तोच. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. आणि जे कोणाच्या डोक्यात नव्हतं तेही झालं: कुपोषण कमी झालं, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला सवड मिळाली. सेविकाताईंनी वर जे लिहिलंय त्याचंच हे उत्तर आहे.

सेविका_ठाणे
एक जादा बाई द्या हे आम्ही बैठकीत कधीपासून सांगतोय. अभ्यास करायला तामिळनाडूला कशाला जायला हवं होतं?

तुर्भे_नाका
मी बालवाडीत गेलेली मुलगी, आज नर्स आहे. आई एपीएमसीत कांदा निवडायला जायची, वडील माथाडी. तुर्भे स्टोअरला झोपडं. बालवाडीत काय शिकले ते मला आठवत नाही. पण माझ्या बालवाडीमुळे शाळा कोणाची वाचली ते सांगते: माझ्या मोठ्या बहिणीची.

आधी ती दुसरीत असून अर्धे दिवस घरी, कारण मला सांभाळायला कोणी नाही. मी बालवाडीत बसायला लागले तशी ती सकाळच्या शाळेत नियमित जायला लागली. ती बारावी झाली. आमच्या गल्लीत तिच्या वयाच्या कितीतरी मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन चौथीतच थांबल्या. तुमच्या पेरीच्या हिशेबात ही बहीण कुठे धरतात?

हिशेबनीस
चांगला प्रश्न. बहुतेक अभ्यासांत धरतच नाहीत. मुलाचे गुण मोजतात, घरातल्या बाकीच्या बायकांचे तास नाही.

कोपरीचा_कट्टेकरी
अवांतर: टीएचआरच्या पाकिटांबद्दल कोणीच कसं बोलत नाही? आमच्या शेजारच्या वहिनींकडे ती पाकिटं साठलेली असतात. त्यांच्या मते ती मांजरसुद्धा हुंगून जाते.

सईची_आई
मांजर मांसाहारी असते हो.

कोपरीचा_कट्टेकरी
म्हणूनच तर. अंडी द्या म्हणतो मी. महाराष्ट्रात आदिवासी भागात अमृत आहार योजनेत देतातच की.

शुद्धशाकाहारी_नौपाडा
केळं का नको? प्रत्येक धाग्यात अंडं घुसवायलाच हवं का?

कोपरीचा_कट्टेकरी
केळ्यात प्रथिनं किती ते सांगा, मग बोलू. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आहारातून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची असं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कागदावरच होतं. एका अंड्यात सहा ग्रॅम सुटले. केळी किती खाऊ घालणार, घड?

पाणघोडा
अंडं विरुद्ध केळं वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो. इथे बाई शाळेचं विचारतायत.

खडूधारी
मनपा शाळेत पहिलीच्या वर्गावर बरीच वर्षं काढून निवृत्त झालो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बालवाडीतून आलेलं पोर आणि थेट घरातून आलेलं पोर मी न विचारता ओळखायचो. अक्षरांवरून नव्हे. बालवाडीतलं पोर "सर, शू" म्हणतं, घरातून आलेलं चड्डीत करून रडतं. एकाला गोष्ट ऐकताना "मग काय झालं?" विचारायची सवय असते, दुसरं गोष्ट चालू असताना उठून दाराशी जातं.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. दिघ्याच्या, तुर्भ्याच्या वस्त्यांत घरात भोजपुरी, कन्नड, तेलुगू, मारवाडी बोलणारी मुलं आहेत, आणि शाळा मराठी. बालवाडीची दोन वर्षं मिळाली की पोर पहिलीत येईपर्यंत मराठीत भांडायला शिकलेलं असतं. भांडायला आलं म्हणजे भाषा आली. ती दोन वर्षं नाही मिळाली तर पहिलीचं निम्मं वर्ष मुलाला मी काय बोलतोय हे कळण्यात जातं, आणि तोवर आपण त्याला "ढ" ठरवून मोकळे झालेलो असतो.

आता सूनबाईंच्या नर्सरीचं. तिथून आलेलीही पाहिली. ए टू झेड घडाघडा, वहीत पानंच्या पानं गिरवलेली. दोन ढीग मांडून जास्त मणी कुठे आहेत विचारलं की माझ्या तोंडाकडे बघायची. तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल पेलत नाही, त्यांना माती द्या, मणी द्या. हे काही मी शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला वारली मुलांबरोबर हेच केलं. पानं, बिया, शंख-शिंपले ही साधनं, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या पाड्यावर. तेव्हा बोर्डी-कोसबाड आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ ला वेगळा झाला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. हे सगळं आपल्या अंगणात होऊन गेलंय, आणि आपण मिशिगनला जातोय. (हिशेबनीस, हलकेच घ्या.)

हिशेबनीस
घेतलं. :)

घोडबंदर_एक्सप्रेस
खडूधारी सर, आदर आहे. पण ती सून मूर्ख आहे का? सगळ्या सोसायट्यांतली पोरं इंग्रजी नर्सरीत, आणि गरिबाच्या पोराने शंख-शिंपले मोजायचे? तिला दिसतंय की इंग्रजी आलं तर पोर मॉलमध्ये काऊंटरवर तरी उभी राहील. तुमचा कोसबाड तिला नोकरी देणार का?

तुर्भे_नाका
हे मात्र बरोबर आहे. इंग्रजीची हौस म्हणून कोणी १,२०० रुपये काढत नाही. मी नर्सिंगला गेले तेव्हा इंग्रजीने मला रडवलंय.

खडूधारी
इंग्रजीला विरोध नाहीच. त्या दोन खोल्यांत शिकवणारी मुलगी स्वतः बारावी, इंग्रजी बोलायला बिचकणारी. "धिस इज ॲपल" पाठ करून घेते. बोलीभाषेतल्या गप्पा, गोष्टी थांबवून पाठांतर घेतलं की दोन्ही भाषा कच्च्या राहतात, एवढंच म्हणणं. इंग्रजी बडबडगीतं अंगणवाडीतही म्हणून घ्यावीत की.

सेविका_ठाणे
घेतो सर. "जॉनी जॉनी" आमच्याकडेही आहे. आई बघायला आली की मुलं आधी तेच म्हणतात, आयांना तेच आवडतं.

ॲड_वागळे
कायद्याचं थोडं. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) ६ ते १४ वयाला आहे. तीन ते सहासाठी कलम ११ मध्ये एवढंच की सरकार व्यवस्था "करू शकेल". राज्यघटनेचं कलम ४५ सुद्धा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल "प्रयत्नशील राहील" असंच म्हणतं. म्हणजे पहिलीत जागा नाकारली तर कोर्टात जाता येतं, बालवाडी नाही म्हणून या कायद्याखाली जाता येत नाही. नवीन शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

आणखी एक. खासगी शाळेत २५ टक्के आरटीई जागा असतात, त्या शाळेचा प्रवेश नर्सरीपासून असेल तर तिथपासून. मावशींच्या घराचं उत्पन्न बसत असेल तर सोडतीचा अर्ज भरायला सांगा. २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळांना सूट द्यायचा प्रयत्न केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला.

घोडबंदर_एक्सप्रेस
तरी माझा मुद्दा राहतोच. पैसे थेट द्या.

तिरकी_रेघ
एक्सप्रेस, मी या योजनेचा भक्त नाही हे वर दिसलंच. पण पैसे दिले तर ते कुठे जातील? त्याच दोन खोल्यांच्या नर्सरीत. तिथे ना वजनकाटा, ना लस, ना आहार, आणि तपासायला कोणी येत नाही. अंगणवाडी निदान तपासता तरी येते. माझी तक्रार दर्जाची आहे, योजना बंद करा अशी नाही.

खाडीपलीकडे
सगळं वाचतेय. काल सुनेशी स्वतः बोलले (आतापर्यंत सगळं मावशींच्या तोंडून चाललं होतं). तिची खरी अडचण वेगळीच निघाली. इंग्रजीचं ती सगळ्यांना सांगते, पण नर्सरीवाली बाई फीमध्ये दोन वाजेपर्यंत पोरीला ठेवून घेते. अंगणवाडी दुपारच्या आत सुटते. मावशी तेव्हा आमच्याकडे किंवा आणखी दोन घरी. सून सहाला परत. मधल्या वेळात पोर शेजारणीकडे टीव्हीपुढे, आणि शेजारीण आता गावी जाणार. १,२०० रुपये ती शिक्षणाचे देत नाहीये, तासांचे देतेय.

सईची_आई
आता बोललात! मी नोकरी सोडली तीही याच कारणाने, आणि आमच्याकडे तर पाळणाघराचे पैसे होते. तीन तासांची शाळा ही घरी कोणीतरी बाई बसलेली आहे असं धरून काढलेली आहे. गरिबाघरी कोणीच बसलेलं नसतं.

सेविका_ठाणे
खरं आहे. आमच्याकडे दोन आया मुलांना सुटल्यावरही ठेवायला सांगतात. मी नाही म्हणू शकत नाही, मदतनीस थोडा वेळ थांबते. पण ते आमच्या जबाबदारीवर, काही झालं तर आम्हीच अडकणार.

केंद्राची "पाळणा" योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. आमच्या प्रकल्पात अजून दिसलं नाही. आणि वेळ वाढवा म्हणणाऱ्यांनी आमचं मानधनही बघा. केंद्राने २०१८ मध्ये ४,५०० केलं, पुढची भर राज्याची. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही संपावर गेलो तेव्हा सोसायट्यांतले लोक म्हणत होते, यांना अर्ध्या दिवसाच्या कामाला किती पाहिजे. आम्हाला ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायला २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं.

ॲड_वागळे
तासांचा विषय निघालाच आहे तर बांधकाम मजुरांचंही बघा. घोडबंदर रोडवर टॉवर बांधणाऱ्या बायकांची पोरं वाळूच्या ढिगावर असतात. पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर ठेवा असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितलं. ठेकेदार आकडा एकोणपन्नास दाखवतो.

उलट अंगणवाडीसाठी चांगला आदेश आहे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं की वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. झोपडपट्टी अधिकृत आहे की नाही हा प्रश्न मधे आणायचा नाही, कारण कोर्टाने वस्ती आणि मुलं मोजायला सांगितलीत. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करायचा. दगडखाणींच्या वस्त्यांत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

घोडबंदर_एक्सप्रेस
एकोणपन्नासवाला ठेकेदार आमच्याच टॉवरचा असावा. विचारतो कमिटीत.

खडूधारी
ताई, सुनेला एक पर्याय सुचवा. घणसोली-कोपरखैरणे भागात मनपाच्या काही शाळांच्या आवारातच बालवाडी आहे. तिथे पोर घातलं तर पुढे त्याच आवारात पहिली, जागा अंगणवाडीपेक्षा मोठी, मैदान असतं. वेळेचा प्रश्न तिथेही पूर्ण सुटत नाही, ते खोटं बोलून उपयोग नाही. पण जवळच्या शाळेत सकाळची पाळी आहे की दुपारची ते विचारून मावशींची दोन कामं पुढे-मागे करता आली तर बघा. त्यातलं एक काम तुमच्याकडचंच आहे.

खाडीपलीकडे
हो, ते माझ्या लक्षात आलं. मावशी आमच्याकडे अकराला येतात, त्या दोननंतर आल्या तरी माझं अडत नाही, आणि तसं त्यांना सांगितलंय. दुसऱ्या घरच्या बाई तयार नाहीत. सून शनिवारी मनपा शाळेत चौकशीला जाणार आहे. जमलं तर सकाळी बालवाडी, दुपारी मावशी, संध्याकाळी बाप रिक्षा उभी करून दोन तास. नाही जमलं तर ती नर्सरीत घालेल, आणि मी तिला चूक म्हणणार नाही. वजन आणि लसीसाठी अंगणवाडीत नाव मात्र ठेवायचं, हे तिने मान्य केलंय.

सईची_आई
सेविकाताई, आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणींना अंगणवाडीत आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला यायला आवडेल. चालेल का? काय आणायचं?

सेविका_ठाणे
चालेल, पण आधी आमच्या वरच्या मुख्यसेविकेची परवानगी घ्या, मी नाव कळवते. लसीकरणाचा दिवस सोडून या. खाऊ आणू नका, मुलं गोष्ट ऐकत नाहीत, पिशवीकडे बघतात. मोठ्या चित्रांची पुस्तकं आणा, रंगीत खडू आणा, चिकणमाती आणलीत तर फारच बरं. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि एकदा येऊन गायब होऊ नका, मुलं पुढच्या आठवड्यात विचारतात.